हुजूर पक्षाने काय राखले?



४ जुलै २०२४ रोजी झालेल्या ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर पक्षाला १२१ जागा आणि २३.७ टक्के मते मिळाली. जवळजवळ दोनशे वर्षे चालत आलेल्या आणि विसाव्या शतकातला बराचसा काळ सत्तेवर राहिलेल्या या पक्षाची एवढी वाताहत पूर्वी कधीही झाली नव्हती. त्याआधी साडेचारच वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१९ मध्ये, याच पक्षाने ३६५ जागा जिंकल्या होत्या. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी या पराभवाची कारणे व्यक्तींमध्ये शोधली. बोरिस जॉन्सन यांच्या काळातल्या मेजवान्या, लिझ ट्रस यांचा सात आठवड्यांचा कारभार आणि शेवटी ऋषी सुनक यांचे दुर्दैव, असा तो हिशेब होता. २०२२ च्या दिवाळीत सुनक पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या धर्माविषयी आणि सासुरवाडीविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले, तेवढे त्यांच्या पक्षाने देशाचे काय करून ठेवले आहे याविषयी लिहिले गेले नाही. आजचा विषय तो आहे. ब्रिटिश मतदार परंपरा, कुटुंब, काटकसर, स्वतःचे घर, गावाचा अभिमान या गोष्टींना कंटाळला म्हणून हुजूर पक्ष हरला, असे मला वाटत नाही. याच गोष्टींच्या नावाने मते मागणाऱ्या सरकारांनी चाळीस वर्षांत त्या बाजारात नेऊन विकल्या आणि लोकांना ते हळूहळू कळत गेले, असे माझे प्रतिपादन आहे.

हुजूर पक्षाची मूळ भूमिका क्षुद्र नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. समाज हा मेलेल्या, जिवंत आणि अजून जन्माला न आलेल्या माणसांमधला करार आहे, असे एडमंड बर्कने १७९० मध्ये मांडले. बर्क स्वतः व्हिग गटाचा, पण पुढच्या परंपरावाद्यांनी त्यालाच गुरू मानले. डिझरायलीने १८४५ मध्ये ‘सिबिल’ ही कादंबरी लिहून श्रीमंत आणि गरीब ही एकाच देशातली दोन राष्ट्रे झाली आहेत असा इशारा दिला, आणि हाच माणूस पुढे या पक्षाचा पंतप्रधान झाला. १९२३ मध्ये नोएल स्केल्टन या स्कॉटिश हुजूरपक्षीयाने ‘मालमत्ताधारकांची लोकशाही’ ही कल्पना मांडली. कामगाराकडे स्वतःची म्हणावी अशी काही मालमत्ता असली, तर तो समाजाच्या स्थैर्याचा भागीदार होईल, असा तिचा आशय होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पक्षाने वर्षाला तीन लाख घरे बांधण्याचे आश्वासन दिले आणि गृहनिर्माणमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९५३ मध्ये ते पुरे केले. त्यांतली बहुसंख्य घरे नगरपालिकांनी भाड्याने देण्यासाठी बांधली होती. परंपरावादी सरकार आणि सार्वजनिक मालकी यांत त्या पिढीला विसंगती दिसत नव्हती.

१९७९ मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या त्याला कारणे होती, आणि ती नाकारणारा माणूस या विषयावर प्रामाणिकपणे बोलू शकत नाही. १९७५ मध्ये महागाईचा दर २४ टक्क्यांवर गेला होता. १९७६ मध्ये ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. १९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांमुळे रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि काही ठिकाणी दफनविधीही अडले. ग्रॅंथममधल्या किराणा दुकानदाराच्या, मेथडिस्ट संस्कारांत वाढलेल्या या मुलीला नुसता कारभार सुधारायचा नव्हता. अर्थकारण हे साधन आहे, खरे उद्दिष्ट माणसाचे अंतःकरण बदलण्याचे आहे, असे १९८१ च्या एका मुलाखतीत त्यांनी स्पष्टच सांगितले. १९८८ मध्ये एडिंबरोत स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेपुढे त्यांनी संपत्ती मिळवण्याला ख्रिस्ती नीतीचा आधार दिला. जबाबदार, कष्टाळू, स्वावलंबी नागरिक घडवणे हा त्यांचा दावा होता. तो गंभीरपणे घेऊन त्याचे पुढे काय झाले ते पाहू.

घरांपासून सुरुवात करतो, कारण मालमत्ताधारकांच्या लोकशाहीचा पाया तोच. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहते घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. सवलत ३३ टक्क्यांपासून सुरू होत असे, आणि जितकी वर्षे भाडेकरू म्हणून काढली तितकी ती वाढत असे. एकट्या इंग्लंडमध्ये कालांतराने १९ लाखांच्या आसपास घरे अशी विकली गेली. आयुष्यभर भाडे भरलेल्या कामगार कुटुंबांना त्याचा आनंद झाला आणि तो आनंद खरा होता. आपल्या दाराला आपल्या आवडीचा रंग देता येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण विक्रीतून आलेल्या पैशाचा मोठा भाग नव्या घरांवर खर्च करायला नगरपालिकांना मज्जाव होता. विकलेली घरे पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे गेली. लंडनमध्ये अशा घरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आज खाजगी घरमालकांनी भाड्याने दिलेली आहेत, आणि त्यांतल्या कित्येक भाडेकरूंच्या भाड्याला सरकारी तिजोरीतूनच हातभार लागतो. स्वस्तात विकलेल्या घराचे महागडे भाडे आता करदाताच भरतो. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या सर्वसाधारण घराची किंमत सर्वसाधारण वार्षिक पगाराच्या साडेतीनपट होती. २०२१ मध्ये ती नऊपट झाली. २००३ मध्ये २५ ते ३४ या वयोगटातली ५९ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. २०१५-१६ पर्यंत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर घसरले. मार्च २०२४ मध्ये इंग्लंडमधली १ लाख १७ हजार कुटुंबे नगरपालिकांनी दिलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढत होती आणि त्यांत दीड लाख मुले होती. स्कॉटलंडने घरविक्रीची योजना २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये बंद केली. इंग्लंडमध्ये हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडी सरकारने २०१२ मध्ये सवलत उलट वाढवली. आईबापांकडे घर आहे की नाही यावर मुलाचे घर ठरावे, ही व्यवस्था कष्टाला बक्षीस देणारी नव्हे.

मालकीचे दुसरे आश्वासन शेअर्सचे होते. १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम, १९८६ मध्ये ब्रिटिश गॅस, १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या पाणीपुरवठा संस्था असे एकेक विकले गेले, आणि सामान्य माणसाला छोटा भांडवलदार करण्याची भाषा त्या काळच्या प्रत्येक जाहिरातीत होती. १९८१ मध्ये लंडनच्या बाजारातल्या शेअर्सपैकी सुमारे २८ टक्के व्यक्तींच्या हाती होते. हे प्रमाण अलीकडे ११ टक्क्यांच्या आसपास आले आहे, आणि निम्म्याहून अधिक शेअर्स परदेशी मालकांचे आहेत. ज्यांना मालक करायचे होते त्यांनी चार पैसे सुटताच शेअर्स विकले आणि ते ग्राहकच राहिले. पाण्याच्या बाबतीत तर ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाण्याचीही सोय नाही. विक्रीच्या वेळी सरकारने या संस्थांचे ५ अब्ज पौंडांचे कर्ज माफ केले होते. आज या क्षेत्रावर ६० अब्ज पौंडांहून अधिक कर्ज आहे. लंडनला पाणी पुरवणारी थेम्स वॉटर २००६ ते २०१७ या काळात मॅक्वेरी या ऑस्ट्रेलियन गुंतवणूक कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाकडे होती, आणि तेवढ्या अवधीत कंपनीवरचे कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. २०२३ मध्ये इंग्लंडच्या नद्यांत आणि समुद्रात प्रक्रिया न केलेले सांडपाणी मिळून ३६ लाख तास सोडले गेले. बाजारवाद्यांचे यावर दोन आक्षेप आहेत. पहिला, पूर्वी मोजणी होत नव्हती म्हणून आकडे लहान दिसत. दुसरा, खाजगीकरणानंतर समुद्रकिनारे स्वच्छ झाले. दोन्हींत तथ्य आहे. मोजणी खरोखर वाढली, आणि २०२३ चे वर्ष पावसाचेही होते. किनारेही स्वच्छ झाले, पण त्यामागे युरोपीय कायद्यांची सक्ती होती. शिवाय खाजगीकरणाचे समर्थनच असे होते की सरकारला जमत नाही ती गुंतवणूक खाजगी मालक करतील. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली गटारे अजून तशीच असतील आणि लाभांश मात्र दरवर्षी वाटला गेला असेल, तर हे समर्थन टिकत नाही. हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९८५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, आपल्याच पक्षाच्या लोकांसमोर या विक्रीची तुलना घरातली चांदी विकण्याशी केली होती. पक्षाने त्यांचे ऐकले नाही.

आता विषमतेकडे वळू. थॅचर सत्तेवर आल्या तेव्हा प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ८३ टक्के होता. तो १९८८ मध्ये ४० टक्क्यांवर आला. गरीब-श्रीमंत सारख्याच दराने भरतात तो मूल्यवर्धित कर १९७९ मध्येच ८ वरून १५ टक्के झाला होता. उत्पन्नातल्या विषमतेचा गिनी निर्देशांक १९७९ मध्ये ०.२५ च्या आसपास होता, तो १९९० पर्यंत ०.३४ वर गेला. पाश्चात्त्य जगात इतक्या थोड्या वर्षांत इतकी विषमता वाढल्याची उदाहरणे फार नाहीत. इथे अर्थशास्त्रज्ञ एक वाजवी आक्षेप घेतात. १९९० नंतर हा निर्देशांक फारसा हललेला नाही, मग २०२४ चा राग विषमतेतून आला असे कसे म्हणता? माझे उत्तर असे, की हा निर्देशांक उत्पन्न मोजतो, संपत्ती नव्हे. कुटुंबांची एकूण संपत्ती १९८० च्या दशकात राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिप्पट होती, ती अलीकडे सातपटीच्या घरात गेली आहे. याउलट २००८ नंतर खरी मजुरी जवळजवळ थिजलेली आहे. पगारातून बचत करून वरच्या पायरीवर जाणे पूर्वी जमत होते, आता जमत नाही. १९९० नंतर उत्पन्नातली विषमता वाढली नसली तरी ती गोठली आहे, आणि ज्या समाजाला कष्टाचे फळ मिळेल असे सांगितले गेले, त्याला गोठलेली विषमता वाढत्या विषमतेइतकीच बोचते. आरोग्यातल्या विषमतेवरच्या मायकल मार्मट यांच्या २०२० च्या अहवालाने तर त्याहून भयंकर गोष्ट दाखवून दिली. इंग्लंडच्या सर्वांत गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांचे आयुर्मान २०१० नंतरच्या दशकात वाढण्याऐवजी घटले होते.

गरिबाच्या घरीही आता मोठा टीव्ही आणि हातात फोन असतो, मग तक्रार कसली, असाही एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. चंगळवादाचा प्रश्न इथेच उभा राहतो. ऑगस्ट २०११ मध्ये टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीने एक तरुण मरण पावला, त्यातून दंगल उसळली आणि चार-पाच दिवसांत ती इंग्लंडच्या अनेक शहरांत पसरली. दंगलखोरांनी बूट, कपडे आणि टीव्हीची दुकाने लुटली. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी हा नैतिक अधःपात असल्याचे सांगितले. त्यांचे निदान चुकीचे नव्हते, अपुरे होते. ते पुरे केले पीटर ओबोर्न यांनी, ‘डेली टेलिग्राफ’ या हुजूर पक्षाला जवळच्या वृत्तपत्राच्या मुख्य राजकीय भाष्यकाराने. समाजाच्या तळाशी जो अधःपात दिसतो तोच माथ्यावरही आहे, असे त्यांनी लिहिले. खासदारांनी खर्चाच्या नावाखाली सरकारी पैसा कसा उकळला हे २००९ मध्ये त्याच वृत्तपत्राने उघड केले होते. थॅचर यांचे चरित्रकार चार्ल्स मूर यांनीही दंगलीच्या काही आठवडे आधी तिथेच लिहिले, की डाव्यांचेच बरोबर होते की काय असे आता वाटू लागले आहे. बँका नफा खाजगी ठेवतात आणि तोटा जनतेच्या गळ्यात मारतात, हे त्यांना खुपत होते. मूर्तिमंत परंपरावादी माणसांची ही साक्ष मला मजूर पक्षाच्या शंभर भाषणांहून महत्त्वाची वाटते. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी नेमलेल्या आयोगाने १९८५ मध्येच शहरांतल्या दारिद्र्यावर अहवाल देऊन हे बजावले होते, आणि तेव्हा सरकारच्या गोटातून त्याची मार्क्सवादी म्हणून हेटाळणी झाली. माणसाची किंमत त्याने काय विकत घेतले यावर ठरते, असे एका पिढीला सतत शिकवले गेले. ज्यांना विकत घेता येत नव्हते त्यांनी तो धडा आपल्या परीने गिरवला. त्यांच्या गुन्ह्याचे समर्थन मी करत नाही. धडा कोणी दिला, हे विचारणे मात्र टाळता येत नाही.

याच कॅमेरॉन यांनी राष्ट्राचे समाधान मोजण्याचा उपक्रम सुरू केला आणि ‘मोठा समाज’ घडवण्याची घोषणा केली. शेजारी शेजाऱ्याला मदत करील, स्वयंसेवक ग्रंथालय चालवतील, सरकार मागे सरेल, अशी ती कल्पना होती. पण त्याच वेळी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी काटकसरीचे धोरण सुरू केले, नगरपालिकांना केंद्राकडून मिळणारे अनुदान दहा वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी कापले गेले, आणि गरीब भागांतल्या नगरपालिकांना सर्वांत मोठी कात्री लागली. समाज एकत्र येतो त्या जागाच, म्हणजे ग्रंथालये, तरुणांची केंद्रे, लहान मुलांसाठीची ‘शुअर स्टार्ट’ केंद्रे, शेकड्यांनी बंद झाल्या. २०१८ मध्ये हुजूर पक्षाच्याच ताब्यातल्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्याच्या परिषदेने आपण दिवाळखोर झाल्याची कबुली दिली. २०२३ मध्ये बर्मिंगहॅमवर तीच वेळ आली. तिथे मजूर पक्षाच्या कारभाराच्या चुकाही होत्या. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेने २०१०-११ मध्ये ६१ हजार अन्नाची पाकिटे वाटली होती. २०२३-२४ मध्ये तिला ३१ लाखांहून अधिक वाटावी लागली. शेजारधर्म ब्रिटनमध्ये आहे, पण तो पगारदार माणसांच्या भुकेची भरपाई करण्यात खर्ची पडला. आणि १४ जून २०१७ च्या रात्री देशातल्या सर्वांत श्रीमंत भागांपैकी एका भागात लंडनचा ग्रेनफेल टॉवर हा निवासी मनोरा जळाला आणि ७२ माणसे मेली. इमारतीला बाहेरून लावलेले आवरण ज्वलनशील होते, आणि जस्ताऐवजी ते निवडण्यात सुमारे ३ लाख पौंड वाचवले गेले होते. नियम कमी करण्याच्या ध्यासापायी जिवाच्या सुरक्षिततेचे प्रश्नही संबंधित सरकारी खात्यात दुर्लक्षिले गेले, असा निष्कर्ष चौकशी समितीने २०२४ मध्ये काढला. प्रजेचा जीव राखणे हे कोणत्याही सरकारचे, परंपरावादी सरकारचे तर आधी, कर्तव्य आहे.

मजूर पक्षाने तरी वेगळे काय केले, हा प्रश्न न्याय्य आहे. टोनी ब्लेअर यांनी खाजगीकरण मागे घेतले नाही, लंडनच्या वित्तबाजाराला मोकळे रान दिले आणि नगरपालिकांची घरे फारशी बांधली नाहीत. त्यांनी बालदारिद्र्य कमी केले आणि रुग्णालयांवर पैसा खर्च केला हे खरे, पण चौकट थॅचर यांचीच ठेवली. म्हणूनच २०१६ च्या सार्वमतात, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने जुन्या खाणी आणि गिरण्यांच्या गावांनी मतदान केले, आणि २०१९ मध्ये त्यांतल्या अनेकांनी पहिल्यांदाच हुजूर पक्षाला निवडले. जॉन्सन यांनी त्यांना उत्तर आणि दक्षिण समपातळीवर आणण्याचा शब्द दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुनक यांनी मँचेस्टरला जाणारा वेगवान रेल्वेमार्ग रद्द केला, आणि ही घोषणा पक्षाच्या अधिवेशनात, मँचेस्टरमध्येच उभे राहून केली. वेल्समधल्या पोर्ट टालबोटशी तर आपला थेट संबंध आहे. तिथला पोलादाचा कारखाना २००७ पासून मुंबईच्या टाटांकडे आहे. जुन्या झोतभट्ट्या बंद करून विजेवरची भट्टी उभारण्यासाठी सुनक सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले, शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी थंडावली आणि अडीच हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. कारखाना तोट्यात होता आणि प्रदूषणही मोठे होते, त्यामुळे टाटांना एकट्याला दोष देणे सोपे पण अन्यायाचे होईल. मात्र त्या कामगारांसाठी पर्यायी उद्योग वेळेवर उभा करणे हे सरकारचे काम होते. १९८४-८५ चा संप मोडल्यावर खाणकामगारांच्या बाबतीत ते झाले नाही, आणि चाळीस वर्षांनी पुन्हा झाले नाही.

लोकांचा राग स्थलांतरितांवर आहे, विषमतेवर नाही, असे म्हणणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. राग आहे, हे मीही नाकारत नाही. पण जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या आसपास गेले ते कोणाच्या राज्यात? २०१० पासून हा आकडा एक लाखाच्या खाली आणण्याचे आश्वासन देणाऱ्या पक्षाच्याच. वृद्धाश्रमांतल्या सेविकांना नीट पगार द्यायचा नाही म्हणून परदेशातून माणसे आणली गेली. विद्यापीठांना पुरेसा पैसा द्यायचा नाही आणि देशी विद्यार्थ्यांचे शुल्क ९,२५० पौंडांवर गोठवायचे, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर विद्यापीठे चालवली गेली. त्या विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी होती. कर्ज काढून गेलेली आपल्याकडची मुलेही त्यांत आहेत, आणि रस्त्यावरचा द्वेष आज त्यांना सोसावा लागतो. स्थलांतराचा प्रश्न याच आर्थिक धोरणाच्या पोटातून जन्मला आहे.

अर्थकारणापलीकडे, पक्षाच्या श्रद्धांच्या बाबतीतही हेच झाले. एप्रिल २०२१ मध्ये राणी एलिझाबेथ पतीच्या अंत्यविधीला कोविडच्या साथीचे नियम पाळून एकट्या बसल्या होत्या. आदल्या रात्री पंतप्रधानांच्या कार्यालयात दोन निरोपाच्या मेजवान्या झडल्या होत्या. पुढे कार्यालयाने राजवाड्याची माफी मागितली. राजनिष्ठा हा ज्या पक्षाच्या श्रद्धेचा गाभा, त्याच्या सरकारने हे केल्यावर निष्ठावंत मतदाराजवळ उरले काय? २०२३ च्या ‘ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स’ पाहणीत ४५ टक्के लोकांनी सांगितले, की कोणत्याही पक्षाचे सरकार पक्षहितापेक्षा देशहित वर ठेवील यावर आपला जवळजवळ कधीच विश्वास बसत नाही. ही पाहणी सुरू झाल्यापासूनचा हा उच्चांक होता.

यामुळे २०२४ चा निकाल डाव्यांचा विजय मानणे चूक आहे. मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या, पण मते केवळ ३३.७ टक्के होती आणि मतदान ६० टक्क्यांच्या आसपास राहिले. हुजूर पक्ष सोडलेल्यांपैकी मोठा गट नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूकेकडे गेला. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत त्या पक्षाने ६७७ जागा जिंकल्या. त्याच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात प्राप्तिकरात मोठी कपात होती आणि नियम कमी करण्याचे आश्वासन होते. १९८८ मध्ये थॅचर यांचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी आणि सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांनी दिलेले औषध याहून फार वेगळे नव्हते. ब्रिटनमधल्या ज्या मतदारांनी हुजूर पक्षाला शिक्षा केली, त्यांनी नव्या उमेदवाराला स्थलांतराविषयी जरूर विचारावे. पण त्याआधी थेम्स वॉटरचे कर्ज कोण फेडणार, तात्पुरत्या निवाऱ्यातल्या मुलांसाठी घरे कोण बांधणार आणि नगरपालिकांची कापलेली रक्कम कोण परत देणार, हे विचारावे. तिथे शिकणाऱ्या आणि राबणाऱ्या आपल्या माणसांच्या आईवडिलांनीही तिकडच्या बातम्या वाचताना हीच उत्तरे शोधावीत, अशी माझी विनंती आहे.